आठवणी, कहाणी आणि पुराण

स्त्रियांचें उत्तरायुष्य हा विषय आमच्या जुन्या ग्रंथांतून शोधूं गेल्यास प्रथम डोळ्यांत भरतें तें त्याचें नसणें. धर्मशास्त्रानें पुरुषाच्या आयुष्याचे चार आश्रम आंखून दिले. केंस पिकले, अंगावर सुरकुत्या पडल्या, नातवंडाचें मुख दिसलें म्हणजे गृहस्थानें वनाची वाट धरावी. पत्नीस बरोबर न्यावें किंवा मुलांच्या स्वाधीन करावें, असें मनु सांगतो. तिनें स्वतः काय करावें, हा प्रश्न त्यास पडलेला दिसत नाहीं. पाश्चात्त्यांचीही कथा फारशी निराळी नाहीं. सिसेरोचा वार्धक्यावरील संवाद मीं कॉलेजांत असतां इंग्रजी भाषांतरांतून मोठ्या आवडीनें वाचला होता. म्हातारपणीं मनुष्यानें शेती पाहावी, राज्यकारभारास सल्ला द्यावा, नवी भाषा शिकावी, असें त्यांत केटो मोठ्या रसाळपणें समजावून देतो. परंतु त्या संवादांत बोलणारे तिघेही पुरुष, आणि ज्यांची उदाहरणें ओळीनें येतात तेही बहुतेक सारे पुरुषच. म्हाताऱ्या बायकांस सल्ल्याची गरज नसावी, किंवा त्यांच्यापाशीं सल्ला घेण्याइतकें आयुष्य उरत नसावें!

म्हणून या विषयाचा विचार ज्यास करावयाचा त्यानें शास्त्रग्रंथ बाजूस ठेवून आमच्या चार बायकांचीं चार पुस्तकें पुढ्यांत घ्यावीं, असें मला वाटतें. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ १९१० सालीं निघाल्या. पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ सालची. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालीं, आणि आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचें ‘माझें पुराण’ १९४४ सालीं वाचकांपुढें आलें. चौघींपैकीं कोणीही आपल्या पुस्तकास आत्मचरित्र हें नांव दिलें नाहीं, ही गोष्ट सहजासहजीं सोडून देण्यासारखी नाहीं. बायाबाईंच्या पतीनें, अण्णासाहेब कर्व्यांनीं, १९१५ सालीं आपलें आयुष्य लिहिलें तें ‘आत्मवृत्त’ या भारदस्त मथळ्याखालीं. बायकांनीं मात्र नांवें घेतलीं तीं माजघरांतलीं : आठवणी, कहाणी, चित्रें, पुराण. कहाणी व्रताच्या दिवशीं सांगावयाची. पुराण दुपारीं देवळांत ऐकावयाचें, आणि एखादी बाई फार लांबण लावूं लागली म्हणजे ‘पुरे तुझें पुराण’ म्हणून तिला गप्प बसवावयाचें. या नांवांत विनय आहे, हें सर्वांनीं म्हटलेंच आहे. मला त्यांत थोडा धूर्तपणाही दिसतो. जें ऐकून घेण्याची घरच्यांना संवय आहे, त्या नांवाखालीं जें ऐकण्याची संवय नाहीं तें सांगून टाकावयाचें.

इंग्रजी भाषांतरकारांना ही खुबी पेलली नाहीं. रमाबाईंच्या आठवणी १९३८ सालीं इंग्रजींत गेल्या त्या ‘हिमसेल्फ’ या नांवानें. बाई आपले आयुष्य सांगते, आणि मुखपृष्ठावर ‘ते स्वतः’ म्हणून उभे राहतात नवरेबुवा! लक्ष्मीबाईंचें पुस्तक १९५० सालीं ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे ‘मी मागून येतें’, असें झालें. आणि २०१७ सालीं शांता गोखल्यांनीं त्याचें जें नवें व उत्तम भाषांतर केलें त्याच्याही उपशीर्षकांत शेवटीं ‘वाइफ’ हा शब्द राहिलाच. पार्वतीबाईंच्या कहाणीस १९३० च्या भाषांतरांत ‘एका हिंदु विधवेचें आत्मचरित्र’ अशी जोड मिळाली. एक पतीचें चरित्र, एक पतीच्या मागून चालणारी, एक पति नसलेली. वास्तविक या बायकांचें जें कर्तृत्व आपण आज आठवतों त्याचा मोठा भाग पति गेल्यानंतरचा आहे.

रमाबाईंच्या बाबतींत तर हा विरोध फारच ठळक आहे. जानेवारी १९०१ मध्यें न्यायमूर्ति रानडे वारले, त्या वेळीं रमाबाईंचें वय ३८ वर्षें पुरें होऊन ३९ वें लागण्याच्या बेतांत होतें. त्यानंतर त्या २३ वर्षें जगल्या. १९०४ सालीं मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन निघालें तें त्यांच्या घरीं व त्यांच्या नेतृत्वाखालीं. संसारांत पडलेल्या, वयानें वाढलेल्या बायकांसाठीं दुपारचे वर्ग चालवावे आणि घरंदाज मुलींना परिचारिकेचें शिक्षण द्यावें, या दोन्ही गोष्टी त्या काळीं टीकेस पात्र होत्या व दोन्ही त्यांनीं चालविल्या. १९२० च्या सुमारास पुण्याच्या नगरपालिकेंत सक्तीचें प्राथमिक शिक्षण मुलांपुरतेंच ठेवण्याचा घाट घातला गेला, तेव्हां साठीकडे झुकलेली ही बाई स्त्रियांची मिरवणूक घेऊन रस्त्यावर उतरली. आणि ‘आठवणीं’त यांपैकीं काय आहे? कांहीं नाहीं. पुस्तक १९०१ शीं थांबतें. तें १९१० सालीं प्रसिद्ध झालें, म्हणजे छापखान्यांतून मुद्रितें येत होतीं त्या दिवसांत बाई सेवासदनाच्या उभारणींत गुंतलेल्या असल्या पाहिजेत. परंतु त्या उद्योगाची सावलीही पानांवर पडूं दिलेली नाहीं. स्वतःचें आयुष्य जेथें स्वतःच्या हातीं आलें तेथेंच लेखणी खालीं ठेवावी, याला पतिभक्ति म्हणून गौरवण्याची आमची चाल आहे. प्रस्तावना लिहिणाऱ्या गोखल्यांपासून आजच्या क्रमिक पुस्तकांपर्यंत ती चालत आली. मला वाटतें, रमाबाईंना तो भाग सांगण्यासारखा वाटलाच नाहीं असें नव्हे. तो सांगावयाचा म्हणजे ‘मी’ हा शब्द वारंवार वापरावा लागला असता, आणि त्यासाठीं लागणारें व्याकरण १९१० च्या घरंदाज विधवेपाशीं नव्हतें.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घेतली पाहिजे. म्हातारपण आपण वर्षांनीं मोजतों. त्या पिढींतील बाईचें म्हातारपण वर्षांनीं मोजलें जात नसे. कुंकू पुसलें कीं तें सुरू होई. या हिशेबानें रमाबाई अडतिसाव्या वर्षीं म्हाताऱ्या झाल्या, लक्ष्मीबाई एकावन्नाव्या, आणि पार्वतीबाई विसाव्या. उत्तरायुष्य म्हणजे सेवानिवृत्तीनंतरचीं चार सुखाचीं वर्षें, हा आपला अर्थ घेऊन हीं पुस्तकें वाचूं लागल्यास घोटाळा होतो. इंग्रजी वाचकांस मिसेस डिलेनीची गोष्ट माहीत असेल : सत्तरी ओलांडलेली विधवा, १७७२ च्या सुमारास रंगीत कागदाचीं कातरणें चिकटवून फुलांचीं चित्रें करूं लागली आणि हजाराच्या जवळपास चित्रें करून ठेवलीं. गोष्ट मोठी मनोहर आहे. पण त्या बाईला उद्यांच्या भाकरीची काळजी नव्हती. आमच्या बायकांच्या उद्योगाच्या मुळाशीं पुष्कळदां ती काळजीच होती, आणि तें लपविण्याचें कारण नाहीं.

पार्वतीबाईंचेंच पाहा. १८७० सालीं कोंकणांत जन्म, बाळपणीं लग्न, विसाव्या वर्षीं वैधव्य, पदरीं एक मुलगा. वडील बहीण, म्हणजे याच बाया कर्वे, पुण्यांत. तिच्या आधारानें त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुढें कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमांत कामाला लागल्या. आश्रमाला पैसा हवा होता. तो गोळा करण्यासाठीं ही सोंवळी बाई गांवोगांव हिंडली. परक्यांच्या दारांत उभें राहावयाचें, चार माणसांपुढें बोलावयाचें, आणि मिळालेल्या पैशाचा हिशेब द्यावयाचा. या कामांत इंग्रजी येत नाहीं म्हणून अडूं लागलें. शिकण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा झाले, पुन्हा पुन्हा फसले; आणि १९१८ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, महायुद्ध अजून संपलें नसतां, बाई इंग्रजी शिकण्यासाठीं एकट्या अमेरिकेस गेल्या. जवळ पैसा नव्हता. तेथें पोट भरण्यासाठीं लोकांच्या घरीं घरकाम केलें आणि जवळजवळ दोन वर्षांनीं, १९२० सालीं, त्या परत आल्या.

हें सर्व ‘माझी कहाणी’त ज्या रीतीनें सांगितलें आहे ती रीति वाङ्मयाच्या रूढ कसोटीस उतरत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. भाषा कोरडी आहे. विनोद जवळजवळ नाहीं. संस्थेची हकीकत सांगतां सांगतां लेखिका हरवते आणि अहवाल शिल्लक राहतो. मतेंही सर्वस्वीं पटतील अशीं नाहींत : पुनर्विवाहाच्या प्रश्नांत स्वतःच्या सख्ख्या बहिणीनें केलेलें धाडस डोळ्यांपुढें असतां पार्वतीबाई पुष्कळ अंशीं जुन्या बाजूच्या राहिल्या, आणि स्त्रियांनीं घर हेंच मुख्य क्षेत्र मानावें असें त्यांना वाटे. ज्या बाईनें अर्धी पृथ्वी ओलांडली तिनें हें लिहावें, याचें आधुनिक वाचकास नवल वाटतें, व कोणी कोणी त्यावरून पुस्तक मिटवूनही ठेवतात. मला उलट या विसंगतीमुळेंच तें खरें वाटतें. पार्वतीबाई कोणतें तत्त्व सिद्ध करण्यासाठीं अमेरिकेस गेल्या नाहींत. एक काम हातीं होतें, त्याला एक हत्यार कमी पडत होतें, तें आणावयास त्या गेल्या. कोरड्या गद्याचा गुण हा कीं अपयश सांगतांना तें डोळ्यांत पाणी आणीत नाहीं. आपणांस धडा येत नव्हता, आपण पुन्हा खालीं बसलों, ही गोष्ट बाई मिठाचा भाव सांगावा तशी सांगतात. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला शिकतांना जी लाज वाटते, तिचें इतकें निर्भीड वर्णन माझ्या वाचनांत दुसरें नाहीं.

येथें मला एक घरगुती गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. पार्वतीबाईंचें हें प्रकरण मी वर्गांत मोठ्या उत्साहानें शिकवीत असें. परदेशांत दुसऱ्याच्या घरीं राबण्यांत कमीपणा न मानणारी बाई म्हणून त्यांचा गौरव करतांना माझा आवाज चढत असे. त्याच सुमारास माझे वडील वारले. आई तेव्हां सहासष्ट वर्षांची होती. आमच्या चाळींतील दोघी-तिघी बायका मिळून पोळीभाजी केंद्र चालवीत. तेथें दुपारीं जाऊन हिशेब पाहावा आणि हात रिकामा असेल तेव्हां पोळ्याही लाटाव्या, असें तिच्या मनानें घेतलें. मीं मोडता घातला. “आई, आतां तुला कशाची उणीव आहे? स्वस्थ बैस. लोक म्हणतील, प्राध्यापकाची आई लोकांच्या पोळ्या लाटते.” ती म्हणाली, “उणीव नाही रे बाबा. पण स्वस्थ बसायला मी काय देव्हाऱ्यातली मूर्ति आहे?” हा प्रश्न तिनें पुन्हा काढला नाहीं. दोन वर्षें ती खिडकीशीं बसली, तांदूळ निवडून झालेले पुन्हा निवडीत राहिली, आणि गेली. अमेरिकेंतील भांडीं मला थोर वाटलीं होतीं आणि जिन्याखालचा पोळपाट हलका वाटला होता. मीं पुस्तक कसें वाचलें होतें, याचा हा दाखला आहे; म्हणून येथें दिला.

तेव्हांपासून ‘स्मृतिचित्रें’ही मला निराळीं दिसूं लागलीं. या पुस्तकाविषयीं मराठी टीकेंत एकच सूर आहे, आणि तो कौतुकाचा आहे. वडिलांच्या सोंवळ्याचें प्रकरण, टिळकांच्या लहरी, त्यांचें धर्मांतर, पांच वर्षांची ताटातूट, मग लक्ष्मीबाईंचेंही १९०० सालीं ख्रिस्ती होणें : या कथेवर कोण लुब्ध होणार नाहीं? परंतु कौतुकाचे शब्द पाहावे तर ‘भाबडेपणा’, ‘सहजता’, ‘बोलकी शैली’, ‘अशिक्षित बाईची उपजत प्रतिभा’. जणूं कांहीं आजीबाई ओसरीवर बसून बोलत गेल्या आणि कोणी तरी तें उतरून घेतलें. मीही तीस वर्षें वर्गांत असेंच सांगत आलों आणि वर शेरा मारीत आलों कीं टिळकांच्या मृत्यूनंतरचा भाग ढिला आहे. नायक गेल्यावर नाटक कसें रंगणार? हें मत मी आज मागें घेतों.

कारण नायक कोण, हें मीं गृहीत धरलें होतें. टिळक मे १९१९ मध्यें वारले. लक्ष्मीबाई त्या वेळीं एकावन्नाव्या वर्षांत होत्या. घरांत शिल्लक अशी नव्हतीच, कारण टिळकांच्या हातून पैसा कोणाच्या तरी गरजेकडे वळत असे. पन्नाशी उलटलेल्या, जोडाक्षरांशीं जन्मभर झगडलेल्या या बाईनें मुंबईस मुलींच्या वसतिगृहांत मेट्रनची नोकरी केली. पुढें मुलाबरोबर कराचीस बिऱ्हाड केलें. या पानांवर पूर्वीचा झगझगाट नाहीं हें खरें. मुली, भांडारखाना, पगार, माणसांचे रुसवेफुगवे असा मजकूर आहे. परंतु पूर्वार्धांत ज्या बाईला नवरा न सांगतां नाहींसा होई आणि ती वाट पाही, त्याच बाईच्या हातीं येथें किल्ल्या आहेत. पूर्वार्धांतील विनोद दुसऱ्याच्या लहरींवर चालतो. उत्तरार्धांतील विनोद तिच्या स्वतःच्या चुकांवर चालतो. विनोदाचा हा पालट साधा नव्हे. ज्याला स्वतःच्या अधिकारानें चुका करावयास मिळतात त्यालाच अशा रीतीनें हंसतां येतें.

आणि तो भाबडेपणा! पुस्तक लिहितांना लक्ष्मीबाई साठीच्या पुढें होत्या. त्याच काळांत दुसरें एक काम त्यांनीं अंगावर घेतलें होतें. टिळकांनीं आरंभ करून थोडेच अध्याय लिहून ठेवलेलें ‘ख्रिस्तायन’ हें ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य त्यांनीं पुढें चालविलें, व त्याचा बहुतेक सर्व भाग त्यांच्याच हातचा आहे. म्हणजे एका बाजूस ओवीबद्ध पद्य, पतीनें घालून दिलेल्या आराखड्यांत. दुसऱ्या बाजूस गद्य, ज्याला आराखडा कोणीच घालून दिला नव्हता. या दोहोंची तुलना आमच्या टीकाकारांनीं मनापासून केलेली नाहीं, व ती करण्यासारखी आहे. पद्यांत त्या आज्ञाधारक आहेत आणि गद्यांत स्वतंत्र. ज्या लेखिकेस दोन्ही रीति अवगत आहेत व प्रसंग पाहून जी एक निवडते, तिला अशिक्षित प्रतिभा म्हणणें हा आदराच्या वेषांतील उपमर्द होय. कोणता प्रसंग किती लांबवावा, कोठें एका वाक्यांत गुंडाळावा, टिळकांविषयींची तक्रार कोठपर्यंत न्यावी आणि कोठें त्यांच्या मोठेपणाची बाजू मांडावी, हा तोल ओसरीवरच्या बोलण्यांत सांपडत नसतो. १९३३ सालीं नागपूरच्या साहित्यसंमेलनांत कविसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें, तेव्हां त्या पासष्टीच्या होत्या. फेब्रुवारी १९३६ मध्यें त्या वारल्या, तेव्हां लेखन चालूच होतें. अखेरचा भाग पुरा करण्याचें काम चिरंजीव देवदत्त यांच्याकडे आलें. आईच्या आणि मुलाच्या लेखणींतील सांधा ज्यास हुडकावयाचा असेल त्यानें वाक्यांची लांबी पाहावी. आईचें वाक्य आधीं संपतें.

बाया कर्व्यांचें ‘पुराण’ या तिघींच्या मानानें लहान आणि अधिक तिखट आहे. लिहिलें तेव्हां बाई ऐंशीच्या आसपास होत्या. सुनेनें, कावेरीबाईंनीं, त्याचें संपादन केलें. अण्णासाहेबांनीं संसाराच्या आधाराची विम्याची पॉलिसीसुद्धां आश्रमाला देऊन टाकली, ही कथा महाराष्ट्रानें त्यागाचा कळस म्हणून गाइली आहे. तीच गोष्ट बायाबाईंच्या बाजूनें ऐकली म्हणजे कळतें कीं कळस एकानें चढविला आणि पायाचे दगड दुसऱ्यानें वाहिले. हें सांगण्यासाठीं तिनें ऐंशीपर्यंत थांबावें, यांत तिचा भित्रेपणा नाहीं. त्या वयांत घरांत उलटून बोलणारें कोणी उरत नाहीं, हा म्हातारपणाचा मोठा फायदा तिनें पुरेपूर घेतला. सदर पुस्तकाला संस्थेच्या इतिहासांत तळटीपेची जागा मिळते. मला वाटतें, ‘आत्मवृत्त’ नेमतांना तें शेजारीं नेमावें.

आणखी एक पुस्तक या रांगेंत असावयास हवें होतें; तें लिहिलें गेलें नाहीं. रमाबाईंच्या आयुष्यांतील १९०१ ते १९२४ हीं २३ वर्षें त्यांच्या स्वतःच्या शब्दांत आपणांस कधींच मिळणार नाहींत. सेवासदनाच्या हकीकती, सभांचे वृत्तांत, मुलींच्या शिक्षणाच्या वादांत त्या काळच्या पत्रांनीं केलेलें अनुकूल-प्रतिकूल लिखाण, एवढ्यावरून एखाद्या विद्यार्थिनीनें तो भाग जुळवावा, असें मी गेल्या वर्षीं वर्गांत सुचविलें. एक मुलगी पुढें आली. “सर, त्यांचं लग्न आणि नवऱ्यानं दिलेलं शिक्षण यांतलं काही घ्यायचं का?” असें तिनें विचारलें. मीं म्हटलें, “एक पान.” तिनें अर्धेंच लिहिलें आहे.

पार्वतीबाईंची ‘कहाणी’ छापून झाली तेव्हां त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. कहाणी म्हटली कीं शेवटीं सुफळ संपूर्ण म्हणावयाचें, अशी रीति आहे. त्या त्यानंतर सत्तावीस वर्षें जगल्या.